जास्वंदीची लागवड व द्राक्षबागेचा शेजार

मोगलांच्या अमदानींत नाशिक शहरास गुलशनाबाद असें नांव होतें. तें नांव गेलें, पण फुलांची हौस गेली नाहीं. आजही जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं जावें. ओट्याशेजारीं, विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर एखादी जास्वंद उभी दिसावयाचीच. बारमास हिरवी, बारमास थोडींफार फुलें देणारी, काडी खोंचली असतां लागणारी आणि गणपतीच्या पूजेस सर्वांत प्रिय, असें दुसरें झुडूप आपल्याकडे क्वचितच सांपडेल. रविवार कारंज्यावरील गणपतीस अथवा आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीस जाणाऱ्या भाविकाच्या तबकांत दूर्वांबरोबर हें तांबडें फूल असावयाचेंच.

अलीकडे मात्र जास्वंद अंगण सोडून शेतांत निघाली आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या बाजूस कोठें कोठें द्राक्षबागेच्या बांधावर शोभेचें कुंपण म्हणून तिची ओळच्या ओळ लावलेली आमच्या पाहण्यांत आहे. रस्त्यानें जाणाऱ्यास तें दृश्य फार सुरेख दिसतें, फुलें विकून चार पैसेही हातीं येतात, आणि बांधही पडीक राहत नाहीं. सबब अशी ओळ आपणही लावावी काय, असा प्रश्न कित्येक बागायतदार विचारतात. आमचें उत्तर असें आहे कीं, जास्वंद जरूर लावावी, परंतु ती घराजवळ लावावी. द्राक्षाच्या बांधावर लावूं नये. असें कां म्हणतों हें समजण्यास प्रथम या झाडाचा स्वभाव व त्याची जोपासना ध्यानांत घेतली पाहिजे.

जास्वंद ही भेंडी, कापूस व अंबाडी यांच्या कुळांतील आहे. भेंडीचें फूल आणि एकेरी जास्वंदीचें फूल शेजारीं शेजारीं ठेवून पाहावें म्हणजे खात्री पटेल. पांच पाकळ्या, मध्यें पुंकेसरांची मिळून झालेली एकच नळी, आणि नळीच्या टोंकास पांच बारीक गोंडे, ही ठेवण दोहोंतही सारखीच. कुळाचें हें नातें पुढें कामास येणार आहे, म्हणून तें येथेंच सांगून ठेवतों. संस्कृतांत या झाडास जपा म्हणतात. लिनियस या स्वीडनच्या पंडितानें १७५३ सालीं त्यास ‘चीनचा गुलाब’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. मौज अशी कीं, बाभूळ-बोरीप्रमाणें रानांत आपोआप वाढलेली ही जास्वंद कोठेंच आढळत नाहीं. माणसानेंच काडीमागून काडी लावीत तिला देशोदेशीं नेलें. मलेशिया देशानें तर १९६० सालीं तिला आपलें राष्ट्रीय फूल ठरविलें. आपल्याकडील तांबडी जास्वंद बहुधा बी धरीत नाहीं. फूल एक दिवस उमलतें, संध्याकाळीं मिटतें आणि गळून पडतें. म्हणून तिची सर्व वाढ काडीवरच चालते.

प्रकार पुष्कळ आहेत. त्यांत आपल्या शेतकऱ्यास सर्वांत सोयीची ती देशी एकेरी गर्द तांबडी. तिला रोग कमी, हाल सोसण्याची ताकद मोठी, आणि पूजेसाठीं मागणी तिलाच. दुहेरी पाकळ्यांची तांबडी फूल थोडें कमी देते, पण तीही दणकट असते. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी व नारिंगी फुलांच्या संकरित जाती रोपवाटिकांतून मिळतात. हवाई बेटांत गेल्या शतकाच्या आरंभापासून अशा संकरांचा मोठा छंद लागला, आणि त्यांचें फूल ताटलीएवढें होतें. परंतु यांपैकीं बऱ्याच जातींच्या मुळ्या नाजूक असून त्या देशी जास्वंदीच्या खुंटावर कलम करूनच नीट वाढतात. हौस व सवड दोन्ही असतील त्यानेंच त्यांच्या वाटेस जावें. झुंबराप्रमाणें खालीं लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची झुंबरी जास्वंद ही निराळी जात असून ती आफ्रिकेंतील आहे. ज्या फुलाच्या पाकळ्या कधींच पुऱ्या उमलत नाहींत ती मिरची जास्वंद तर खरी जास्वंदच नव्हे. ती अमेरिकेंतून आलेली याच कुळांतील दुसरी वनस्पति आहे.

आतां लागवडीकडे वळूं. काडी लावण्यास आषाढ महिना उत्तम. हवेंत ओल असते, ऊन मंद असतें, आणि काडींत जोम असतो. अगदीं कोंवळी हिरवी काडी कुजते व जून झालेली करडी काडी फार उशिरां मुळ्या धरते. म्हणून चालू वर्षाची, शिसपेन्सिलीएवढ्या जाडीची, साल हिरवट-तपकिरी झालेली काडी निवडावी. लांबी सहा ते आठ इंच, तिच्यावर तीन-चार डोळे असावे. खालचा काप डोळ्याच्या लगत खालीं तिरपा घ्यावा व वरचा काप डोळ्याच्या थोडा वर सरळ घ्यावा, म्हणजे काडी उलटी लावण्याचा घोंटाळा होत नाहीं. द्राक्षाच्या खुंटांच्या काड्या ज्यांनीं लावल्या आहेत त्यांस हें नवें नाहीं. खालचीं पानें काढून टाकावीं. शेंड्याचीं दोन पानें ठेवून तींही निम्मीं कापावीं. कारण पानांतून पाणी उडतच असतें, आणि मुळ्या नसल्यामुळें तें भरून निघत नाहीं.

निम्मी वाळू व निम्मा चाळलेला पोयटा मिळवून पिशव्या किंवा लहानसा गादीवाफा भरावा. काडीचा अर्धा भाग आंत जाईल अशी ती खोंचून भोंवतालची माती अंगठ्यानें घट्ट दाबावी. पोकळी राहिली तर तेथें मुळी धरत नाहीं. मुळ्या फुटण्याची भुकटी बाजारांत मिळते. ती लावल्यास नुकसान नाहीं, पण देशी तांबडीस तिची गरज पडत नाहीं. वाफा झाडाच्या विरळ सावलींत असावा. पंधरा दिवसांत काडीवर नवीं पानें दिसूं लागतात, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. हीं पानें काडींत सांठलेल्या अन्नावर आलेलीं असतात. खालीं मुळी असेलच असें नाहीं. त्या आनंदांत काडी उपटून पाहणें किंवा जागा बदलणें म्हणजे ती मारणेंच होय. सहा ते आठ आठवड्यांनीं, दुसरा फुटवा नीट वाढूं लागला म्हणजे, मुळ्या धरल्या असें समजावें. त्यानंतर महिनाभर रोप हळूहळू उन्हास संवयावें आणि मगच कायमच्या जागीं न्यावें. पावसाळ्यांत गुटी बांधूनही रोप करतां येतें. संकरित जातींस ती रीत बरी, पण चार-सहा रोपांसाठीं एवढा उपद्व्याप करण्याचें प्रयोजन नाहीं.

जागा अशी असावी कीं जेथें निदान अर्धा दिवस ऊन लागेल. सावलींत झाड हिरवेंगार दिसतें, पण फूल देत नाहीं. खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद व तितकाच खोल घ्यावा. काळी भारी जमीन असल्यास दोन फूट घेऊन तळाशीं मुरूम घालावा. जास्वंदीस पाणी आवडतें, पण पायांत पाणी तुंबलेलें मुळींच खपत नाहीं. खड्डा पोयटा व दोन घमेलीं कुजलेलें शेणखत यांनीं भरावा. दोन झाडांत निदान पांच फूट अंतर असावें.

आपल्याकडील चुनखडीच्या जमिनींत एक दोष नेहमीं दिसतो. कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हें अन्न कमी पडल्याचें लक्षण समजून लोक युरिया टाकतात, आणि झाड आणखी फिकें पडतें. वास्तविक जमिनींत लोह असतें, पण चुन्यामुळें तें मुळांस घेतां येत नाहीं. द्राक्षवेलीवरही हाच प्रकार होतो हें बागायतदारांस माहीत आहे. एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम लिंबाचें सत्त्व विरघळवून तें संध्याकाळीं पानांवर फवारावें. पंधरा दिवसांनीं पुन्हां एकदां फवारावें. बुडाशीं शेणखत व पालापाचोळा सतत असेल तर हा दोष कमी होतो. खतांपैकीं स्फुरदयुक्त खत जास्वंदीस बेतानेंच द्यावें. द्राक्षबागेसाठीं आणलेल्या खताचीं उरलेलीं पोतीं अंगणांतील झाडांच्या बुडाशीं रिकामीं करण्याची जी चाल आहे ती या झाडास मानवत नाहीं. स्फुरद फार झाल्यास लोहाची टंचाई अधिकच वाढते.

कळ्या गळतात ही तक्रार सर्वांत मोठी. तिचें कारण बहुतेक वेळां पाण्याची अनियमितता हें असतें. चार दिवस झाड कोरडें ठेवून पांचव्या दिवशीं आळें तुडुंब भरलें कीं कळ्या पिवळ्या पडून गळाल्याच. उन्हाळ्यांत एक दिवसाआड, हिवाळ्यांत आठवड्यांतून एकदां किंवा दोनदां, पण ठरलेल्या मापानें पाणी द्यावें. घराजवळ ठिबकची नळी आली असेल तर तिचा एक तोटा झाडास पुरतो. कळीच्या आंत फुलकिडे शिरल्यानेंही ती गळते. पडलेली कळी पांढऱ्या कागदावर झटकली असतां बारीक लांबट किडे चालतांना दिसतात. अशा कळ्या गोळा करून नष्ट कराव्या.

थंडीविषयीं नाशिककरांनीं थोडी दक्षता बाळगावी. जास्वंद ही उष्ण हवेची वनस्पति आहे. पारा दहा अंशांखालीं गेला कीं तिची वाढ थांबते व पानें पिवळीं पडतात. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांत कित्येक हिवाळ्यांत पांच अंशांखालचें तपमान नोंदलें गेलें आहे. त्या पट्ट्यांत झाड भिंतीच्या दक्षिणेस किंवा पश्चिमेस लावावें, म्हणजे दिवसा तापलेल्या भिंतीची ऊब रात्रीं मिळते. पौषांत पानें गळाल्यास घाबरूं नये व छाटूंही नये. फाल्गुनांत झाड पुन्हां फुटतें. इगतपुरी-त्र्यंबककडे थंडीपेक्षां पाऊस अधिक त्रास देतो. तेथें रोप उंचवट्यावर लावावें एवढेंच पुरे.

छाटणी हा या झाडाच्या जोपासनेंतील मुख्य भाग, आणि नेमका त्याचाच आळस होतो. द्राक्षाचा घड काडीवरील डोळ्यांत कित्येक महिने आधीं घडलेला असतो, म्हणून तेथें काडी मोजून छाटावी लागते. जास्वंदीचें तसें नाहीं. तिची कळी नव्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यांत येते. फुटवा नाहीं तर फूल नाहीं. सहा-सात वर्षें न छाटलेली जास्वंद माडीपर्यंत चढते, खालीं नुसतें लांकूड राहतें आणि फूल हातास येत नाहीं तें यामुळेंच. छाटल्यापासून भर बहरास सुमारें अडीच ते तीन महिने लागतात. तेव्हां भाद्रपदांतील गणेशोत्सवास फुलें पाहिजे असतील तर वैशाखाच्या अखेरीस किंवा ज्येष्ठाच्या आरंभीं, पाण्याची सोय असेल तेथें, प्रत्येक फांदी तृतीयांशानें कमी करावी. डोळा बाहेरच्या बाजूस पाहत असेल तेथेंच काप घ्यावा, म्हणजे झाड आंतून मोकळें राहतें. सर्व फांद्या एकाच दिवशीं न छाटतां पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन वेळां छाटल्या तर बहर लांबतो व संकष्टीसही फूल मिळतें. छाटल्यावर घमेलेंभर शेणखत द्यावें. फुलें विकावयाचीं असतील तर उद्यां उमलणारी कळी आज संध्याकाळीं खुडावी. ती ओल्या फडक्यांत ठेवली असतां सकाळीं आपोआप उमलते, कारण हें फूल पाण्यांत ठेवलें काय आणि न ठेवलें काय, आपल्या वेळेप्रमाणेंच उमलतें व मिटतें.

येथवर जें सांगितलें तें अंगणांतील जास्वंदीविषयीं झालें. आतां बांधावरील जास्वंदीकडे येऊं.

जास्वंदीचे शेंडे कधीं कधीं आखडतात, पानें चुरगळल्याप्रमाणें जाड व वेडींवांकडीं होतात, पेरें जवळ जवळ येऊन शेंड्याचा गुच्छ बनतो. तो गुच्छ उकलून पाहावा; आंत पिठासारखा पांढरा चिकट पदार्थ व त्याखालीं गुलाबी रंगाचे, तीळभर आकाराचे मऊ किडे दिसतील. हाच पिठ्या ढेकूण, ज्यास आपण मिलीबग म्हणतों. शास्त्रज्ञांनीं या जातीचें पहिलें वर्णन १९०८ सालीं केलें तें आपल्याच देशांतील नमुन्यांवरून. बाहेर देशीं तिला गुलाबी जास्वंद-पिठ्या म्हणतात आणि आपल्या देशांतील द्राक्षाच्या पुस्तकांत तिला द्राक्षावरील पिठ्या म्हणतात. नांवें दोन असलीं तरी कीड एकच आहे, आणि या लेखाचें सारें मर्म यांत आहे.

एक मादी कापसासारख्या पुंजक्यांत दीडशेंपासून सहाशेंपर्यंत अंडीं घालते. उष्ण हवेंत महिन्याभरांत एक पिढी पुरी होते. अंड्यांतून निघालेलीं पिलें नुसत्या डोळ्यांनीं कष्टानें दिसतील एवढीं बारीक असतात. तीं वाऱ्याबरोबर उडतात, मजुरांच्या कपड्यांस, कात्रीस, क्रेटला चिकटतात, आणि मुंग्या तर त्यांस उचलून नेतात. कारण हा किडा जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्यांचें खाद्य आहे; गवळ्यानें गाई राखाव्या तशा मुंग्या या किड्यास राखतात व त्याच्या शत्रूंस हुसकावून लावतात. त्या चिकट्यावर पुढें काळी बुरशी वाढते. पावसाळ्यांत व कडक थंडींत किडीचा जोर कमी असतो. थंडी ओसरून ऊन तापूं लागलें कीं ती झपाट्यानें वाढते.

नेमकी तीच वेळ द्राक्षें तयार होण्याची असते. ऑक्टोबर छाटणीचा माल जानेवारीपासून एप्रिलपर्यंत निघतो. वर्षभर खोडाच्या व ओलांड्याच्या सालीखालीं दडून राहिलेला पिठ्या मण्यांत साखर भरण्याच्या सुमारास वर चढून घडांत शिरतो. एकदां तो भरगच्च घडाच्या पोटांत गेला म्हणजे कोणतेंही औषध त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. शिवाय अंगावरील मेणामुळें औषधाचे थेंब त्याच्यावर ठरतही नाहींत. आणि पोंचलें तरी काढणीच्या तोंडावर औषध मारावयाचें कसें? औषधाचा शेवटचा फवारा व काढणी यांत ठराविक दिवसांचें अंतर ठेवावेंच लागतें. २०१० सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश मर्यादेबाहेर निघाल्यामुळें केवढा फटका बसला तें बागायतदार विसरले नसतील. तें द्रव्य निराळ्या कामाचें होतें, परंतु परीक्षणाची चाळणी सर्व औषधांस सारखीच लागू आहे. चिकटा व काळी बुरशी लागलेला घड निर्यातीस तर नाहींच, पण गांवच्या बाजारांतही पडत्या भावानेंच जातो. बेदाण्यासही तो चालत नाहीं.

अशा बागेच्या बांधावर जास्वंदीची ओळ असणें म्हणजे काय हें आतां सांगावयास नको. बागेंत आपण एप्रिल छाटणीच्या वेळीं सुटलेली साल काढतों, खोड धुतों, औषध लावतों. पण दहा पावलांवरच्या कुंपणास कोणी हात लावीत नाहीं. तेथें किडीस बारमास कोंवळा शेंडा मिळतो. बाग धुवून पुसून लख्ख केली तरी दोन महिन्यांत मुंग्यांची रांग तेथून बागेकडे लागते. भेंडी, अंबाडी, कापूस हीं त्याच कुळांतील पिकें आणि बांधावरील पेटारीचें तण यांवरही ही कीड राहते. सीताफळ व पेरूही तिला चालतात. एकंदर दोनशेंहून अधिक वनस्पतींवर ती जगते, म्हणून केवळ जास्वंद काढल्यानें बाग निर्धास्त झाली असें कोणी मानूं नये. परंतु जास्वंदीएवढी आवड तिला फारच थोड्यांची आहे.

ही भीति पोकळ नाहीं हें दाखविण्यास एक परदेशचें उदाहरण पुरे. वेस्ट इंडीज बेटांपैकीं ग्रेनाडा बेटावर १९९४ सालीं ही कीड आढळली. तेथें घरोघर जास्वंदीचीं कुंपणें. कीड एका कुंपणावरून दुसऱ्यावर, तेथून कोकोच्या बागांत, विलायती शिरिषांवर व सीताफळाच्या गोतांतील फळझाडांवर गेली. शेजारच्या बेटांनीं ग्रेनाडाचा भाजीपाला व फळें घेणें बंद केलें, तरी १९९५ सालीं ती त्रिनिदादला पोंचलीच. औषधांनीं कांहीं साधेना, तेव्हां किडीचे नैसर्गिक शत्रू आणावे असें ठरलें. चीनकडून अॅनॅगायरस कमाली नांवाची सूक्ष्म गांधीलमाशी आणली गेली. ती पिठ्याच्या अंगांत अंडें घालते व तिचें पिलूं त्यास आंतून खाऊन टाकतें. क्रिप्टोलिमस नांवाचे भुंगेरे आपल्या देशांतूनही तिकडे धाडले गेले. त्यानंतर कीड आटोक्यांत आली. आपल्या देशांत ही कीड जुनी असल्यामुळें तिचे शत्रूही येथें आहेत, आणि म्हणूनच ती ग्रेनाडाइतका हाहाकार करीत नाहीं. पण वारंवार विषारी फवारे होणाऱ्या द्राक्षबागेंत ते शत्रूच आधीं मरतात.

बांधाविषयीं आणखी एक गोष्ट. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. बांध कोणाचा, बांधावरचें झाड कोणाचें, त्याची सावली व मुळ्या कोणाच्या पिकास जाचतात, या वादांनीं भरलेले कागद आम्हीं पुष्कळ हाताळले आहेत. बाभळीची सावली डोळ्यांस दिसते, तिच्यावरून निदान तडजोड करतां येते. कीड कोणाच्या कुंपणावरून कोणाच्या बागेंत गेली हें सिद्ध कसें करावयाचें? सामाईक बांधावर जास्वंद लावणारा भाऊबंद स्वतःच्या बागेबरोबर शेजाऱ्याच्या वर्षभराच्या कमाईसही धोका आणतो, आणि शेजाऱ्यास त्याबद्दल तक्रारीवांचून हातीं कांहीं राहत नाहीं. हद्दीवर कांहीं लावावयाचेंच असेल तर शेजाऱ्यास विचारून लावावें. आमच्या मतें कांटेरी कुंपणास करवंद बरें. तें सदाहरित आहे, फूल सुवासिक आहे व फळ उपयोगीं आहे. मात्र त्यावरही अधूनमधून नजर ठेवावीच. शोभेसाठीं कण्हेर लावण्याची सूचना कोणी करील, पण तिचें पान गुरांस प्राणघातक विष आहे. बैल ज्या बांधावर चरतात तेथें तिचें नांव काढूं नये.

ज्यांनीं बांधावर ओळ आधींच लावली आहे त्यांनीं ती उन्हाळ्यांत तोडूं नये. त्या वेळीं कीड भरांत असते, आणि वाळूं लागलेल्या फांद्या सोडून पिलें जवळच्या हिरव्या पाल्याकडे, म्हणजे एप्रिल छाटणीनंतर फुटलेल्या कोंवळ्या द्राक्षकाडीकडेच, निघतात. आषाढांतील संततधारेंत कीड सर्वांत कमी असते. तेव्हां हें काम करावें. फांद्या बांधावर ढीग घालून ठेवूं नयेत, बागेंतून ओढीत नेऊं नयेत. बाहेरच्या बाजूनें काढून खड्ड्यांत पुराव्या. बुंधा मुळासकट खणावा, नाहींतर महिन्याभरांत तो पुन्हां फुटतो. ज्या कात्र्या-कोयत्यांनीं हें काम केलें त्या धुतल्याशिवाय बागेंत नेऊं नयेत.

अंगणांतील जास्वंदीवर मात्र पिठ्या दिसला तर लगेच झाड तोडण्याचें कारण नाहीं. आखडलेले शेंडे दुसऱ्या निरोगी पेरापर्यंत खुडून पिशवींत घालून नष्ट करावे. लिटरास ५ ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवून तें पाणी पानांच्या पाठीवर जोरानें मारावें व तासाभरानें साध्या पाण्यानें झाड धुवावें. बुंध्याभोंवतीं मुंग्यांचें वारूळ असेल तर तें मोडावें. मुंग्या थांबल्या कीं निम्में काम झालें. दमट हवेंत व्हर्टिसिलियम लेकॅनी या उपकारक बुरशीची भुकटी लिटरास ५ ग्रॅम या प्रमाणांत फवारल्यास चांगला गुण येतो. आमच्या मतें घराजवळची एकच जास्वंद, जिच्याकडे रोज फूल काढतांना कोणाची तरी नजर जाते, ती बागायतदारास उपयोगीच पडते. पिठ्याचें पहिलें चिन्ह तिच्या शेंड्यावर उघड दिसतें, द्राक्षाच्या सालीखालीं तें दिसत नाहीं. तिचा शेंडा आखडलेला आढळला कीं त्याच दिवशीं बागेंत जाऊन चार वेलींची साल उचलून पाहावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पिठ्याच्या पुंजक्यांत कधीं कधीं तसाच पांढरा, पण त्याहून मोठा, जवळजवळ अर्धा इंच लांबीचा, अंगावर मेणाचीं लांब झुलपें असलेला किडा चपळाईनें फिरतांना दिसतो. पाहणाऱ्यास तो पिठ्याचाच बाप वाटतो, व तो हटकून चिरडला जातो. तो क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी होय. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियांतून आपल्या देशांत १८९८ सालींच आणला गेला होता, आणि आजही द्राक्षबागांत हेक्टरी सुमारें ५,००० भुंगेरे सोडण्याची शिफारस आहे. ते विकत घ्यावे लागतात. मोठा झाल्यावर तो काळसर पंखांचा व नारिंगी डोक्याचा होतो. अळी असतांना व मोठेपणींही तो पिठ्याचींच अंडीं-पिलें खातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. काडीनें डिवचलें असतां पिठ्या जागचा फारसा हलत नाहीं, ही अळी तुरुतुरु पळते. ती ज्या फांदीवर दिसेल ती फांदी खुडूं नये व तेथें साबणाचें पाणीही मारूं नये.

बांधावरचें कुंपण काढतांना त्यांतील निरोगी काड्या अंगणासाठीं ठेवावयाच्या असतील तर सरळ शेंड्याच्या, एकही पांढरा ठिपका नसलेल्या काड्या निवडून साबणाच्या पाण्यांत बुडवाव्या, डोळ्यांच्या खांचा मऊ फडक्यानें पुसाव्या आणि स्वच्छ पाण्यानें धुवून त्याच दिवशीं वाफ्यांत लावाव्या. काम आषाढांतलेंच असल्यामुळें वेळ दोहोंस एकच साधते. श्रावणाची उघडीप लागल्यावर लावलेल्या काड्यांस मात्र महिनाभर रोज हातानें पाणी शिंपावें लागतें.